सत्यभामाबाईंची बारीक नजर

दिग्रस, ९ जुलै १९६१

खोली मिळाली. माडीवर आहे, खिडकी एकच, पण विहीर अंगणात आहे आणि शाळा जवळ. घरमालक कापसाचे आडते. मात्र घराचा कारभार त्यांच्या बायकोकडे, सत्यभामाबाईंकडे. त्यांच्या नजरेतून काही सुटत नाही, असे मला आल्या आल्या त्यांच्या नवऱ्याने सांगितले. तेव्हा त्या शेजारीच उभ्या होत्या आणि माझी पेटी, माझा तांब्या, माझ्या चपला पाहत होत्या. पाहून झाल्यावर त्यांनी समाधानाने मान हलवली.

त्यांनी मला जात विचारली नाही. अशा बायका विचारत नाहीत, ओळखतात. माझे नाव प्रभावती वानखडे हे ऐकून म्हणाल्या, त्यांच्या नणंदेचे सासर वानखड्यांचेच. तुम्ही कुठल्या? मी बाभुळगाव म्हटले. त्यावर त्या म्हणाल्या, "मंग तेच." मी हो म्हटले नाही. विचारले तेवढ्याचे उत्तर दिले. मी नागपूरच्या मैदानावर खोटे बोलणार नाही अशी शपथ घेतली, त्याला पाच वर्षे होत आली. आजही खोटे बोलले नाही.

आमच्या घरात मॅट्रिकच्या पुढे गेलेले कोणी नाही. मी बी. ए. होऊन इथे आले ते काही एका बाईच्या पाहण्याने दबून जाण्यासाठी नाही.

२१ जुलै

आठवीला शब्दसंपत्ती घेतली. बारीकसारीक गोष्टी ज्याच्या लक्षात येतात त्याला काय म्हणावे? मुलींनी भराभर सांगितले: चाणाक्ष, चौकस, डोळस, चिकित्सक, नजरबाज, भोचक. मग मी म्हटले, यातले पुरुषाला कोणते आणि बाईला कोणते? बंजाऱ्यांच्या तांड्यावरून येणारी हंसा उठली. म्हणाली, "बाई, माणूस बारीक पाहते तं चिकित्सक, अन् बाई पाहते तं चोंबडी." वर्ग हसला. मीही हसले, पण घरी येताना वाटले की या गावात चांगले शब्द उगीच पडून आहेत. त्यांना लायक माणूस नाही. चाणाक्ष म्हणजे इथे फक्त दुसऱ्याच्या स्वयंपाकाला कसला वास येतो ते ओळखणारा.

मी एक ठरवले आहे. हे लोक माझ्याकडे पाहतात, तर मी ते कसे पाहतात हे पाहीन. निरीक्षण करणाऱ्यांचे निरीक्षण. शास्त्रीय वृत्तीने, राग न धरता.

२८ जुलै

काल आषाढी पौर्णिमा. पांढरे पातळ नेसले आणि खोलीत वंदना म्हटली, हळू आवाजात. दार लावून घेतले होते. वाऱ्याने आपटत होते म्हणून लावले, दुसरे काही नाही.

संध्याकाळी पाणी भरायला उतरले तर सत्यभामाबाई तुळशीपाशी. आधी माझे पातळ पाहिले, मग कपाळ, मग परत पातळ. मी कुंकू लावत नाही हे त्यांच्या लक्षात आले आहे, हे माझ्या लक्षात आले.

३ सप्टेंबर

आईचे कार्ड. शेजारच्या मास्तरांकडून लिहून घेतलेले. तिला मी शिकवताना पाहायचे आहे. वर्गात मागे बसेन, काही बोलणार नाही, असे तीनदा लिहवले आहे.

मी लिहिले, आत्ता नको. मोटारीचा रस्ता वाईट आहे, खोली लहान आहे, सहामाही जवळ आली आहे. कारणे सगळी खरी आहेत. शिवाय आईचे आईपण मला माहीत आहे. ती अंगणात उभी राहून सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात जयभीम घालील. आणि दीक्षा घेऊनही ती अजून कपाळभर कुंकू लावते. मागच्या सुट्टीत मी तिला समजावून सांगितले की ही गुलामीची खूण आहे. तिने ऐकून घेतले आणि म्हणाली की तुझा बाप जिता आहे तवरी लावीन, मंग तू म्हणशील तसं. अशा माणसाशी वाद कसा घालणार?

२३ ऑक्टोबर

दसऱ्याला नागपूरला जाऊन आले. दीक्षाभूमीवर एवढी माणसे, पण कोणी कोणाला निरखत नव्हते. परत आले तर सत्यभामाबाईंचा पहिला प्रश्न, सणाच्या दिवशी सोनं वाटायला का थांबले नाही. काम होते म्हटले. त्यांनी जी मान हलवली ती आता मला पाठ झाली आहे. आपल्याला कळले, पण आपण बोलणार नाही, अशी ती मान.

आज कोजागिरी. खाली अंगणात दूध आटवले, गल्लीतल्या बायका जमल्या. मला बोलावले नाही. वरून पाहिले तर कोणीतरी माडीकडे बोट केले आणि सत्यभामाबाईंनी हळूच तिचा हात खाली दाबला. चिकित्सक म्हणे. दुधात साखर पडली नव्हती, हे तिसऱ्या घोटाला एक जण ओरडली तेव्हा कुठे बाकीच्यांना कळले.

२४ नोव्हेंबर

आज इतके हसू आले की पेन धरवत नाही.

शिवण शिकवणाऱ्या बसंतीबाईंनी मला मधल्या सुट्टीत बाजूला घेतले, हात हातात घेतला आणि डोळ्यांत पाणी आणून म्हणाल्या, "लपवू नका हो आता. आम्हाले सगळं समजलं आहे." मी आधी मागे कोणी आहे का ते पाहिले. मग त्यांनी जे समजले होते ते सांगितले. मी बालविधवा आहे! चांगल्या घरची, लहानपणी लग्न झालेली, नवरा गेल्यावर शिकलेली. सत्यभामाबाईंनी शोधून काढले. पुरावे असे: कुंकू नाही. काकणे नाहीत. देव्हारा मांडलेला नाही, कारण देवावर रुसली. पौर्णिमेला पांढरे नेसून दार लावून रडते. दसऱ्याला सोने न वाटता निघून गेली, कारण नवरा दसऱ्याचाच गेला असणार.

प्रत्येक गोष्ट त्यांनी बरोबर टिपली आहे. एकही सुटलेली नाही. आणि बेरीज पाहा. बुद्धवंदना त्यांना रडणे वाटली! या बायका आणखी बारीक पाहतील तर मला दोन-तीन मुलेही होतील.

मी काही बोलले नाही. बसंतीबाईंनी ते दुःख समजले. चूक त्यांची आहे, मी कशाला दुरुस्त करू? माझ्या अभ्यासाच्या दृष्टीने तर हे उत्तमच झाले. प्रयोगात हात घालू नये.

१२ डिसेंबर

हेडमास्तर रामराव यांच्याविषयी आजवर लिहिले नाही, कारण त्यांच्याविषयी तुच्छतेने लिहिण्यासारखे काही नाही. या गावात माझ्याकडे टक लावून न पाहणारे ते एकटेच. बोलताना खिडकीकडे पाहतात. पत्नी वारली आहे, पण घर नीट ठेवले आहे असे म्हणतात. उजव्या अंगठ्यावर नेहमी शाईचा डाग, हल्ली सदऱ्याला इस्त्री, आणि बोलण्याआधी घसा साफ करतात, पण तेवढा माझ्याशीच बोलताना. साधा माणूस आहे.

आज त्यांनी ऑफिसात बोलावून सांगितले की मार्चमध्ये मला कायम करावे अशी शिफारस ते करणार आहेत. मग बराच वेळ समाजसुधारणेवर बोलले. ज्या स्त्रियांवर लहानपणी आघात झाला त्यांना आयुष्य पुन्हा सुरू करण्याचा अधिकार आहे, समाज काय म्हणेल त्याची पर्वा करणारे ते नाहीत. मला आनंद वाटला. किती दिवसांनी कोणीतरी तत्त्वावर बोलले.

त्यांच्यापर्यंतही ती अफवा गेली असेल का? वाटत नाही. ते अशा गोष्टींकडे लक्ष देणारे नाहीत.

१५ जानेवारी १९६२

काल संक्रांत. खाली हळदीकुंकू. मला बोलावणे नाही, हे ओघानेच आले. सत्यभामाबाईंनी तिळगूळ जिन्याच्या पायरीवर ठेवला आणि खालूनच हाक मारली. समोर आले की त्यांना अपशकुन होतो. मला अपमान वाटला नाही. मी फक्त नोंद केली.

विधवेची जागा काही वाईट नाही. सणाला बाजूला ठेवतात, एरवी कीव करतात, आणि विहिरीवर मज्जाव नसतो.

३० जानेवारी

अष्टग्रही! येत्या शनिवार-रविवारी आठ ग्रह एका राशीत येणार आणि जग बुडणार, असे छापून आले आहे. आडत्यांनी सौदे थांबवले. बसंतीबाईंनी नवे पातळ आत्ताच नेसून टाकले, उरायला नको म्हणून. रामराव म्हणतात, शास्त्रीय आधार नाही, तरी शाळेला सोमवारी अर्धा दिवस द्यावा. इथे बारीक पाहणाऱ्यांची कमी नाही, पण आकाशाकडे पाहायची वेळ आली की सगळे भटजीच्या तोंडाकडे पाहतात.

सत्यभामाबाई रविवारी अंगणात होम करणार आहेत. मला बसंतीबाईंकरवी कळवले की त्या दिवशी खाली उतरू नये.

आईचेही कार्ड आले. जग बुडणार म्हणतात, तर त्याआधी एकदा पोरीला पाहून घेते. मी लगेच उलट टपाली लिहिले की दीक्षा घेतलेल्या माणसाने असल्या भाकडकथांवर विश्वास ठेवू नये आणि या कारणासाठी तर अजिबात येऊ नये. जरा कडक लिहिले गेले.

४ फेब्रुवारी, रविवार

सगळे लिहून काढायचे आहे.

होम सकाळी सुरू झाला. मी माडीच्या सज्जातून पाहत होते. पूजेला पाच सवाष्णी बसवायच्या होत्या, त्यांतली एक ऐन वेळी अडचण आली म्हणून उठून गेली. सत्यभामाबाई फाटकापर्यंत जाऊन गल्लीत कोणी मिळते का पाहू लागल्या. तेवढ्यात आई आली.

माझे कार्ड तिला मिळालेच नव्हते, किंवा मिळूनही ती आली. हातात फडक्यात बांधलेल्या भाकरी, हिरवे लुगडे, आणि कपाळावर तो रुपयाएवढा टिळा. सत्यभामाबाईंनी तिला वरून खाली पाहिले. लुगडे, टिळा, काकणे. मग विचारले की कोणाकडे आलात? आई म्हणाली, वानखडेबाईकडे. तिने अजून पुढचे सांगितले नव्हते. सांगणार होती, तोंड उघडले होते, आणि तेवढ्यात तिने वर पाहिले.

मी सज्जात होते. मी खाली जाणारच होते. चपला सापडत नव्हत्या.

आईने मला पाहिले. मी जिना उतरत नाही हे पाहिले. तेवढे तिला पुरले. तिने तोंड मिटले, आणि सत्यभामाबाईंनी "गावच्या काय?" म्हणून विचारले तेव्हा म्हणाली, "हो जी, गावचीच."

सत्यभामाबाईंना आकाश ठेंगणे झाले. त्यांनी आईचे मनगटच धरले. "देवानंच धाडलं वं बाई तुले. पाहा कपाळ कसं भरलं आहे. चाल, एक सवाष्ण कमी पडून राह्यली."

या बाईची नजर! हिच्या नजरेतून काही सुटत नाही!

आई होमाला बसणार नाही, हे मला ठाऊक होते. कुंकवाबद्दल ती माझे ऐकत नाही, पण शपथ घेतल्यापासून तिने एकाही देवापुढे हात जोडलेला नाही. का बसत नाही ते सांगितले असते तर माझी खोली गेली असती, कदाचित शाळाही. आईने हात सोडवून घेतला, दोन पावले मागे सरली आणि म्हणाली, "मले चालत नाही जी. मी बाहेरची आहे."

पाळी म्हटल्यावर सत्यभामाबाईंनी हात असा झटकला की काकणे वाजली. पदर आवरला. आधी काहून नाही सांगितलं म्हणून ओरडल्या. मग तिला गोठ्याजवळ, गोवऱ्यांपाशी बसायला सांगितले. आई जाऊन बसली. थोड्या वेळाने तिने पाणी मागितले. पहाटेपासून मोटारीत होती.

सत्यभामाबाई तांब्या घेऊन गेल्या आणि उभ्यानेच वरून धार धरली. आईने ओंजळ केली. उकिडवी बसून, कोपरे गुडघ्यांना टेकवून, हनुवटी पुढे काढून, थेंब बाजूला उडणार नाही अशी. ती कशी धरायची हे तिला कोणी सांगितले नाही. लहानपणी गावच्या विहिरीवर मी तिला तशी पिताना पाहिले होते. ते मी विसरले आहे असे मला वाटत होते.

मी अनवाणी खाली उतरले.

"माय, ऊठ. वर चाल."

तिने तोंड पुसले. माझ्याकडे न पाहता हलक्या आवाजात म्हणाली, "तुमी कायले खाली आल्या बाई? जा तुमी वर."

माझी आई मला तुमी म्हणाली.

मग मी मोठ्याने बोलले. मंत्र चालू होते, तरी सगळ्यांना ऐकू गेले. "ही माझी माय आहे. आम्ही बौद्ध आहोत. मी विधवा नाही. माझं लग्नच झालेलं नाही."

भटजींचा मंत्र थांबला. बायका जागच्या जागी राहिल्या. सत्यभामाबाईंनी आईकडे पाहिले, मग माझ्याकडे, मग हातातल्या तांब्याकडे, मग विहिरीकडे. सात महिने मी त्या विहिरीचे पाणी भरत होते. त्यांच्या चेहऱ्यावर राग येईल असे मला वाटले. आला तो विचार. त्यांनी मला विचारले,

"मंग थे बाहेरची आहे, हे तरी खरं काय?"

कोणी हसले नाही. हसण्यासारखे कोणाला काही दिसलेच नाही. त्यांना खरोखर जाणून घ्यायचे होते. विटाळ एक की दोन, त्यावर कुठे काय शिंपडायचे ते ठरणार होते. आई शांतपणे म्हणाली, "खरं आहे जी." तिला वाटले असेल, निदान एक गोष्ट तरी त्यांच्या मनासारखी राहू द्यावी.

आम्ही वर गेलो. खालून भांडी घासल्याचा आवाज येत होता. उद्या खोली सोडा, असा निरोप आडत्यांनी जिन्यातून दिला. सत्यभामाबाई बायकांना सांगत होत्या ते मला वरून स्पष्ट ऐकू आले. म्हणाल्या, "मले तं पहिल्या दिवशीच समजलं होतं. तिच्या चपलावरूनच." आणि सगळ्या जणी हो हो म्हणाल्या.

आईने फडके सोडले. भाकरी कडक झाल्या होत्या. आम्ही खाल्ल्या. ती म्हणाली, खोली छान आहे. मग म्हणाली, उगाच बोललीस, मी निघून गेली असती संध्याकाळच्या मोटारीनं. मला सात महिन्यांचे माझे शास्त्रीय निरीक्षण आठवत होते. त्याला दुसरा शब्द आहे, फार साधा, आठवीच्या मुलींनाही येतो. भीती.

६ फेब्रुवारी

जग बुडाले नाही. होमामुळे वाचले, असे गावात ठरले आहे.

काल आईला शाळेत नेले. रामरावांनी पहिल्यांदा माझ्याकडे सरळ पाहिले. त्यांची काही हरकत नाही, ते जातपात मानत नाहीत, पण मी आधी सांगायला हवे होते, एवढेच. शिफारशीचे पुढच्या वर्षी पाहू. हे सांगताना त्यांनी घसा साफ केला नाही. बालविधवेसाठी समाजाची पर्वा न करणारा हा माणूस आता खिडकीबाहेर कशाची तरी पर्वा करत होता. आता कळले की ते इस्त्रीचे सदरे कोणासाठी होते, आणि माझ्या इतक्या नोंदींतून मला ते कसे दिसले नाही याचे नवल वाटते. तिटकारा त्याहून जास्त वाटतो. कोणाचा, ते लिहीत नाही.

आई मागच्या बाकावर बसली. मी आठवीला कविता शिकवली, बरी शिकवली. शेजारी बसलेल्या हंसाने तिला आपली वही दाखवली, ती तिने उलटी धरून बराच वेळ पाहिली. तास संपल्यावर हंसाचे वडील हरिसिंग आले होते. तांड्याच्या कडेला त्यांच्या भावाची एक खोली रिकामी आहे म्हणाले. मी विचारायच्या आत आई हो म्हणून मोकळी झाली.

आज सकाळी तिला यवतमाळच्या मोटारीवर पोचवायला गेले. मोटारीला वेळ होता. बाकावर बसलो होतो. सत्यभामाबाईंचा प्रश्न दोन दिवस माझ्या डोक्यात होता, म्हणून मी विचारले, माय, तू खरंच बाहेरची होतीस का?

ती आधी हसली. मग माझ्याकडे नीट पाहून हसणे थांबवले.

"तुले माहीत नाही? कवाचंच बंद झालं थे. तू कॉलेजात होती तवा. जाताना लई तरास दिला. दिवाळीच्या सुट्टीत तू घरी आलती, तवा मी भिंत धरून चालत होती."

मी त्या सुट्टीत महिनाभर घरी होते. मला अंगणात बसून वाचल्याचे आठवते.

"तू मले पुस्तक वाचून दाखवत होती," ती म्हणाली. "चांगलं होतं."

मोटार लागली. तिला खिडकीजवळची जागा मिळाली. मी खाली उभी राहून तिच्याकडे पाहू लागले. कपाळ, कान, गजावर ठेवलेला हात. कुठून सुरुवात करावी ते कळेना.

"काहून अशी पाहून राह्यली वं?" ती म्हणाली. "नवी आहो काय मी?"